मैनाचे शुक्रवार

हे मी आजपर्यंत कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही. माझी माय शेवटच्या दुखण्यात होती, मी उशाशी बसून तिचे पाय चेपत होते, तेव्हा एकदा तोंडापर्यंत आलं होतं — पण तिच्याशीही नाही. तुम्ही ओळखीचे नाही म्हणून तुम्हाला सांगते आहे, असं म्हणू का? तसंही नाही. थकले आहे, एवढंच.

आणि सांगण्यासारखं मोठं काही आहे का, तेही कळत नाही. मी चोरी केली नाही. कुणाच्या अंगावर हात टाकला नाही. एक वाक्य बोलले होते — फोनवर, शेतातल्या बांधीत उभी राहून लाखोळीचं पीक उपटता उपटता. तसली वाक्यं माणसं रोज बोलतात. बोलतात ना?

आधी मी कोण ते सांगते. मी आशा — म्हणजे माझं नाव नव्हे, काम. गावातल्या बाळंतिणींकडे बघायचं, लहान लेकरांच्या लसी, तापाच्या गोळ्या, कोण गावात आहे, कोण बाहेरगावी गेलं, सगळं ध्यानात ठेवायचं. लोक मला आशाबाईच म्हणतात. ब्रह्मपुरीच्या पुढं धानाच्या बांध्यांतलं आमचं गाव, आणि गावामागच्या जंगलातून सायकलनं अर्ध्या तासावर बोडीटोला. गोंडांची थोडकी घरं. दोन्ही माझ्याकडे. टोल्यावर तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती. त्यामुळं टोल्यात काय चाललंय हे बाहेरच्या माणसाला हवं असेल तर तो मलाच विचारणार. हे लक्षात ठेवा. माझ्या शब्दाला किंमत होती ती यामुळं.

माझी मुलगी आचल. दवाखान्याच्या वाटेवर जीपमध्येच झाली ती, आणि झाली तेव्हा रडली नाही. दाईनं पाठीवर थोपटलं, तोंडात फुंकर मारली — मग रडली, पण उशिरा. तो उशीर तिच्या डोक्यात राहिला. चालली उशिरा, बोललीच नाही म्हटलं तरी चालेल. शाळेत घातली तेव्हा गुरुजी म्हणाले, "बसू द्या ना बाई तिले. सरकारी शाळा आहे, कोणी हाकलून देते का?"

खरंच कोणी हाकललं नाही. ती दारापाशी बसायची, चपलांच्या बाजूला. गुरुजी वाईट नव्हते — दोन मास्तर आणि पाच वर्ग, त्यांनी तरी कुठं कुठं बघावं. आचल सकाळी जायची, खिचडी खायची, संध्याकाळी यायची. पुष्कळदा चड्डी ओली. पोरं तिला येडी आचल म्हणायची आणि ती त्या हाकेला ओ द्यायची, कारण तेच आपलं नाव असं तिला वाटायचं.

ही गोष्ट मला कळली त्या दिवशी मी ठरवलं, की हिच्यासाठी शिकवणारं माणूस मिळवायचं. कायद्यानं मिळतं, एवढं मला आमच्या मीटिंगांमधून ठाऊक होतं. मिळवायला मात्र — कसं सांगू? पंचायत समितीत गेले की साहेब दौऱ्यावर. साहेब भेटले तर ते म्हणायचे चंद्रपूरहून डॉक्टरचं प्रमाणपत्र आणा. चंद्रपूरला गेले तर त्या दिवशी मेंदूचे डॉक्टर नाहीत, पुढच्या बुधवारी या. पुढच्या बुधवारी नेली तर आचल दवाखान्याच्या दारातच आडवी पडून ओरडायला लागली, आत येईना. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यावर ट्रक चालवायचा, महिन्याकाठी एकदा घरी. म्हणजे मी आणि ती, एसटीत, तिचं डोकं माझ्या मांडीवर, आणि शेजारची बाई विचारणार — काय झालं पोरीले? दर वेळी कुणीतरी विचारायचंच. दर वेळी मी सांगायची. त्या वर्षा-दीड वर्षात मी किती थकले हे सांगत बसले तर तुम्हाला वाटेल की आता ही सबब सांगणार. म्हणून थांबते.

शेवटी शेख मॅडम आल्या.

ब्रह्मपुरीच्याच त्या. वडिलांचं बाजारात शिवणकामाचं दुकान होतं. तालुक्यातल्या अशा सगळ्या लेकरांसाठी दोन मॅडम होत्या, त्यातल्या एक. स्कूटीवर यायच्या, डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळून, आणि त्यांच्या पिशवीत कापडाची अक्षरं असायची — वडिलांनी उरलेल्या जाड कापडांतून शिवून दिलेली, आत कापूस भरून. लेकराला हातात धरता येईल, दाबता येईल असा क, असा म. आमच्या शाळेत मंगळवारी यायच्या, आचलला तास-दीड तास द्यायच्या.

पहिले काही आठवडे त्यांनी तिला अक्षर दाखवलंच नाही. फक्त संडासचं चित्र. चित्राला हात लावायचा, मग उठायचं, मग जायचं. मी मनात म्हटलं, यासाठी का मी एवढी फिरले? पण एक दिवस आचल कोरड्या चड्डीत घरी आली. दुसऱ्या दिवशीही. मग "दे" आलं. मग "नको". एका संध्याकाळी मी चुलीपाशी होते आणि मागून आवाज आला, "आई, भूक." दोन शब्द, एकामागे एक, जोडून. हातातली पळी तशीच राहिली. ज्यांची लेकरं आपोआप बोलतात त्यांना हे कळायचं नाही.

त्यानंतर मॅडम एक दिवस म्हणाल्या — दिवाळीनंतरची गोष्ट — की दुसऱ्या मॅडम सोडून गेल्या, त्यांची गावंही माझ्याकडे आली, आता आचलकडं पंधरा दिवसांतून एकदाच यायला जमेल. मी त्यांच्या स्कूटीपुढं उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, पंधरा दिवसांत ती सगळं विसरून जाते. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे ताई," त्या म्हणाल्या. "पण दिवस कुठून आणू?"

"शुक्रवारी तुम्ही आमच्याच रस्त्यानं टोल्यावर जाता ना?"

"तो मैनाचा दिवस आहे. तो नाही काढता येणार. ती तर शाळेतही येऊ शकत नाही."

मैना टोल्यावरची. दहा-अकरा वर्षांची होती तेव्हा, आचलपेक्षा थोडी मोठी. जन्मापासून हातपाय ताठ, चालता येत नव्हतं, जीभ जड — पण लक्ष देऊन ऐकलं तर बोलणं कळायचं. अशा मुलांना घरी जाऊन शिकवायची सोय असते, तसं मॅडम तिला घरी जाऊन शिकवत होत्या. मैनाची माय ताराबाई पोरीला ओसरीत बाजेवर बसवायची, मागं गोधडीची वळकटी लावून. मॅडमनी खडूला कापडाची पट्टी गुंडाळून जाड मूठ करून दिली होती, ती मैनाच्या बोटांत अडकायची. आणि तिला जमत होतं. मॅडम मंगळवारी आमच्याकडं आल्या की हटकून तिचं सांगायच्या. "मैना फार हुशार आहे हो ताई. हात ऐकत नाही तिचा, पण डोकं नुसतं पळतं. पहिलीचं पुस्तक मी वाचते, ती पुढचं वाक्य आधीच सांगते." जूनमध्ये तिला आमच्या शाळेत आणायचं असंही त्यांनी मनाशी ठरवलं होतं. चाकाच्या खुर्चीसाठी त्यांची खटपट चालली होती, गुरुजींशी बोलणं झालं होतं, टोल्यातून ने-आण करायला एक ऑटोवाला पाहून ठेवला होता.

मी ऐकून घ्यायची. हसायची. आणि आतून — इथं खरं बोलायचं ठरवलंय, तर बोलते — आतून मला त्या पोरीचा राग यायचा. डोकं पळतं म्हणे. जिचं डोकं पळतं तिला मॅडम कशाला हव्यात? माझ्या पोरीचं डोकं जागेवरून हलायला मागत नाही, तिचा दिवस अर्धा, आणि हिला अख्खा शुक्रवार? असा विचार एखादी आई करते का? मी केला. अनेक दिवस केला.

मग तो फोन आला.

धान निघून गेलं होतं, बांध्यांत लाखोळी पिकली होती. टोल्यातली माणसं दर वर्षीप्रमाणे मिरची तोडायला तेलंगणात निघाली होती — त्या दिवसांत पुष्कळ घरांना कुलूप लागतं, नवरा-बायको-लेकरं सगळे गाडीत बसून जातात, उन्हाळ्यात परततात. मैनाचा बाप गेला होता. ताराबाई पोरीसाठी मागं राहिली होती. हे मला पक्कं माहीत होतं, कारण चारच दिवसांपूर्वी मी तिच्या ओसरीत बसून चहा प्याले होते.

फोनवर शेख मॅडम होत्या. "ताई, टोल्याच्या वाटेवर वाघ दिसला म्हणतात. आणि लोक पण मिरचीला गेले म्हणे. मैना घरी आहे ना? असली तर येते मी, कुणाला तरी सोबत घेऊन येते."

बघा — वाघ असूनही त्या येणार होत्या. फक्त मैना घरी आहे एवढं मी सांगायचं होतं.

मी म्हटलं, "नाही मॅडम. ते लोक पण गेले मिरचीला. पोरीलाही नेलं."

बस. एवढंच.

मॅडम म्हणाल्या, "तिला नेलं? बसते कुठं ती दिवसभर? … बरं. परतले की कळवाल ना मला?"

"कळवते की."

"मग तोपर्यंत शुक्रवारी आचलकडे येते मी."

मी फोन कमरेला खोचला आणि पुन्हा लाखोळी उपटायला लागले. तुम्ही विचाराल, मनात काय होतं? खरं सांगू, आनंद होता. दुसरं काही नव्हतं.

मग शुक्रवार आमचे झाले. आणि ते वाया गेले असते तर आज मला थोडं बरं वाटलं असतं — पण ते वाया गेले नाहीत. आचलचं जे काही झालं ते त्या शुक्रवारांत झालं. मॅडम तिला दुकानात घेऊन जायच्या. एक वस्तू आणायची, मग दोन. मीठ आणि माचिस. पूर्ण नाव सांगायचं, गावाचं नाव सांगायचं. येडी म्हटलं की ओ द्यायची नाही. "मी आचल," असं म्हणायचं, छातीवर हात ठेवून. ते ती अजून करते. नव्या माणसासमोर छातीवर हात ठेवते आणि म्हणते, मी आचल. लोकांना गोड वाटतं. मलाही वाटतं. आणि दर वेळी मला दुसरं पण काही आठवतं.

इथपर्यंतचं वाईट आहे, पण मी यासाठी तुम्हाला बसवलं नाही. खोटं बोलले, ते एका दमात बोलले, त्याला आईचं काळीज वगैरे म्हणून झाकताही येईल. त्यापुढचं झाकता येत नाही.

माझं कामच असं की टोल्यावर गेल्यावाचून चालत नाही. एका घरी तान्हं लेकरू होतं, त्याचं वजन करायचं होतं. जाताना मी ठरवलं होतं की ताराबाईच्या दाराकडं बघायचं नाही. पण तिचं घर टोल्याच्या तोंडाशीच. आणि तिनंच हाक मारली.

"बाई, या ना जी. मॅडम काऊन येऊन नाई राह्यल्या?"

मैना ओसरीत बसली होती. वेणी घातलेली, रिबीन लावलेली. वार कोणता होता ते मला विचारू नका.

मी म्हटलं, "त्यांच्याकडे लय गावं झाली आता. आणि वाटेत वाघ."

"वाघाचं तर आहेच," ताराबाई म्हणाली. "पण आमचा दीर सांगत होता, मॅडमची गाडी तुमच्या गावात दिसली म्हणते. शाळेपाशी. दोनदा. तिथवर येते तं इथवर काऊन नाई?" तिच्या आवाजात संशय नव्हता हो. नुसतं विचारत होती. "पोट्टी मले म्हणते, माय, मी अक्षर वाकडं काढलं म्हणून मॅडम रागावल्या. मी म्हटलं, असं नाई राहत. पण ऐकत नाई. आता तूच सांग बाई तिले."

मैना माझ्याकडं बघत होती. बाजेच्या कडेला हात अडकवून, मान पुढं काढून. तिला मान स्थिर धरायला त्रास व्हायचा, पण तेव्हा तिनं ती धरली होती.

एवढ्या वेळात मी काय काय बोलू शकले असते. माझी चूक झाली, मॅडमना वाटतंय तुम्ही मिरचीला गेलात, आजच फोन करते. मॅडम चिडल्या असत्या, पण एका दिवसाच्या चिडण्यापुरतं. शुक्रवार मैनाला परत मिळाले असते. झालं काय असतं? ताराबाई दोन शब्द बोलली असती. टोल्यात माझं नाव खराब झालं असतं.

मी मैनाला म्हटलं, "मॅडमना मी भेटले होते. त्या म्हणाल्या, आधी दिलेलं नीट काढून होऊ दे. अक्षर चांगलं जमलं की येतील."

हे मी बोलले. तिच्या तोंडाकडे बघून बोलले.

मैनाच्या चेहऱ्यावर काय आलं म्हणता — हायसं वाटलं तिला. म्हणजे आता काय करायचं ते तिला कळलं होतं. ती जड जिभेनं म्हणाली, "काढतो ना बाई. रोज काढतो." ताराबाईला पण बरं वाटलं. तिनं मला ताक दिलं. मी प्याले.

पुढच्या वेळी गेले तेव्हा ओसरीची जमीन पांढरी झाली होती. शेणानं सारवलेल्या भुईवर, बाजेपाशी तिचा हात पोचेल तेवढ्या भागात — अक्षरं. बाजेवरून खाली उतरवून दे म्हणायची मायला, आणि एका कुशीवर पडून काढायची. थरथरलेली, एकमेकांवर चढलेली. म, न, म, न, पुन्हा म. नाव काढत होती स्वतःचं. खडू संपला तर कोळशानं.

"बाई, आता?" तिनं विचारलं. "आता येतील?"

आणि मी खाली वाकून बघितलं. मास्तरणीसारखं वाकून बघितलं मी, जणू माझा त्यात काही अधिकार होता. म्हटलं, "चांगलं आहे. मात्रा थोडी नीट काढ."

पुढच्या वेळी मात्रा नीट होती. मी म्हटलं, "अजून थोडं."

किती वेळा "अजून थोडं" म्हटलं, ते मी मोजलं नाही. मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा म्हटलेलं आठवतं, कारण ताराबाई पहाटेच फुलं वेचायला गेली होती आणि मैना एकटी होती, तोंडावर माशा बसल्या होत्या, त्या हाकलायला हात पोचत नव्हता — पण त्याच हातानं तिनं दाराच्या चौकटीपर्यंत लिहीत नेलं होतं. विडीचा तेंदूपत्ता तोडतात त्या हंगामात म्हटलेलंही आठवतं. मला काय वाटत होतं? की ती कधीतरी थकेल. मी तिच्या थकण्याची वाट पाहत होते. एका लुळ्या पोरीच्या.

आणि ती थकली. एक दिवस गेले तर ओसरी स्वच्छ सारवलेली होती. एक रेघ नव्हती. मैना भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं काही विचारलं नाही. मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. त्या दिवशी सायकलवर परत येताना मी मोकळा श्वास घेतला, हे मला चांगलं आठवतं.

उन्हाळ्याच्या शेवटी शेख मॅडमचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही. त्यांना भामरागडकडं काम मिळालं. पावसात तिकडचे रस्ते बंद होतात, फोन लागत नाही. जाण्याआधी त्यांचा फोन आला होता. आचलचं विचारलं, मग म्हणाल्या, "आणि मैना? परतले का ते लोक? मी वाट बघत होते तुमच्या फोनची. शाळेचं, ऑटोचं सगळं ठरवून ठेवलं होतं मी."

मी म्हटलं, "नाही परतले. सिरोंच्याकडं नातलग आहेत त्यांचे, तिकडंच राहिले म्हणतात."

"असं का," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तिकडं कोणी शिकवत असेल तर बरं."

पुढं कितीतरी काळ त्या जागेवर कुणी आलंच नाही. जेव्हा एक सर आले, आणि त्यांनी मला विचारलं की शाळेबाहेर राहिलेलं कोणी लेकरू आहे का, तेव्हा मी मैनाचं नाव सांगितलं. हो, सांगितलं. मी स्वतः त्यांना टोल्यावर घेऊन गेले. मैना तोवर मोठी झाली होती, साडी-पोलक्याच्या वयाला आली होती. सरांनी तिच्यापुढं पाटी धरली, पेन्सिल बोटांत अडकवायला गेले. तिनं बोटं मिटून घेतली. सर पुन्हा पुन्हा समजावत होते आणि ती भिंतीकडं बघत होती. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "मुलीचीच इच्छा नाही बाई. आई-बाप पण काही बोलत नाहीत. आपण काय करणार?" ताराबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तिले शिकण्याचं नाव काढलं का लाज वाटते. म्हणते, मले येत नाई, मॅडमनंच सोडलं मले." असं म्हणून ती माझ्याच खांद्याला हात लावून रडली. मी तिला पाणी दिलं.

मी स्वतःशी पुष्कळ बोलून पाहिलं आहे. दोन लेकरं आणि एक मॅडम, हे काय मी केलं? एवढ्या तालुक्याला दोन माणसं कुणी ठेवली? ज्यांनी ठेवली त्यांना रात्री झोप लागते, मग मीच का? सगळं खरं आहे. पण मिरचीला गेली हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मात्रा नीट काढ हे त्यांनी म्हटलं नव्हतं. ते माझ्या तोंडून निघालं.

आचल आता मोठी झाली. शाळा संपली तिची. बचतगटाच्या बायकांबरोबर पापड लाटायला बसते, धुतलेले कपडे घडी घालते, दुकानातून तीन वस्तू न चुकता आणते. नवरा म्हणतो, तू होतीस म्हणून पोरगी माणसांत आली. गावातल्या ज्या बायकांची लेकरं अशी आहेत त्या माझ्याकडं येतात. विचारतात, बाई, तुम्ही कसं केलं? मी सांगते त्यांना — चिकाटी धरायची, साहेबांच्या मागे लागायचं, सोडायचं नाही. सगळं सांगते. मधला एक भाग सोडून.

मैना आहे. त्याच ओसरीत आहे. बाप मागल्या साली वारला. तिला बघायला अजून मीच जाते, दुसरं कोणी जात नाही. परवा दवाखान्याच्या कार्डासाठी टोल्यावर मशीन नेलं होतं, त्यावर अंगठा द्यावा लागतो. तिचा अंगठा तळहातात मिटलेला असतो, उघडत नाही. मी तो हळूहळू सोडवला, पुसला, मशीनवर टेकवून धरला. घेईना. पुन्हा धरला. बराच वेळ आम्ही दोघी तशा बसलो होतो, तिचा हात माझ्या हातात. मी विचारलं, "दुखते का?"

"नाई बाई," ती म्हणाली.

ताराबाई आतून म्हणाली, "तुझ्यावाणी कोणी नाई बाई आम्हाले. सगळ्यांनी सोडलं, तूच येत राह्यली."

मी मान खाली घालून अंगठा धरून ठेवला. तेव्हाही बोलले नाही. शेवटी मशीननं घेतला, मी सामान आवरलं आणि पुढच्या घरी गेले.